आरएचसीएसए परीक्षा: डिग्री नसलेल्या मुलामुलींनी यात पैसे घालावेत का?

रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए (रेड हॅट सर्टिफाइड सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर) ही परीक्षा मी दिली, पास झाले, आणि आज पुण्यात एका होस्टिंग कंपनीत, म्हणजे लोकांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर चालवणाऱ्या कंपनीत, लिनक्स सपोर्टचं काम करते. लिनक्स म्हणजे विंडोजसारखी एक ऑपरेटिंग सिस्टिम. माझ्याकडे डिग्री नाही. दहावीनंतर सातारा जिल्ह्यातल्या सरकारी आयटीआयमधून कोपा केलं, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट हा एका वर्षाचा ट्रेड. बारावी बाहेरून दिली. मग तालुक्याच्या महा ई-सेवा केंद्रात सातबारे काढायचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे, हे काम केलं. परीक्षेची फी त्याच पगारातून साठवली.

आयटीआयचे निकाल लागले की ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या मुलींचे फोन येतात, "ताई, ही परीक्षा करू का? खरंच नोकरी लागते का?" फोनवर अर्ध्या तासात सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

माझं मत सुरुवातीलाच देते. परीक्षा अस्सल आहे. फी आपल्यासारख्यांच्या मानाने जड आहे. तयारी मनापासून केली असेल तर ती तुम्हाला मुलाखतीच्या खुर्चीपर्यंत नेते, पुढचं तुमच्या हातात. आणि काही दारं अशी आहेत की तिथे हे सर्टिफिकेट दाखवून काहीही होत नाही. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

आधी ही परीक्षा काय आहे ते. रेड हॅट ही लिनक्सची कंपनी, २०१९ साली आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला घेतली. पुण्यात मगरपट्ट्याला तिचं ऑफिस आहे. बँका, टेलिकॉम, सरकारी यंत्रणा यांचे सर्व्हर मोठ्या प्रमाणात तिच्या एंटरप्राइझ लिनक्सवर चालतात. ते सर्व्हर सांभाळता येतात की नाही हे तपासणारी पहिल्या पायरीची परीक्षा म्हणजे आरएचसीएसए, कोड ईएक्स-२००. वेळ तीन तास, ३०० पैकी २१० ला पास. अर्ज करताना शिक्षण किती झालंय, कुठल्या शाखेचं, किती टक्के, असा रकानाच नाही. नाव, ओळखपत्र आणि फी. मी बुकिंगचं ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पात्रतेची अट कुठे लिहिली आहे हे बराच वेळ शोधत होते.

यात एकही पर्याय निवडायचा प्रश्न नसतो. समोर चालू मशीन देतात आणि कामं देतात. डिस्क जोडा, युजर तयार करा, अमुक सेवा चालू करा. इंटरनेट नाही, पुस्तक नाही, मोबाइल नाही. मशीनमध्ये जी मॅन पेजेस, म्हणजे कमांडची माहितीपानं, असतात तेवढी वाचायची मुभा. बाजारातल्या दुसऱ्या सर्टिफिकेटांशी तुलना केली की फरक कळतो. ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर घ्या, ६५ प्रश्न, ९० मिनिटं, पर्यायावर टिचकी मारायची. तीही परीक्षा आपल्या जागी ठीक आहे, पण पाठांतर करून निघणारी माणसं तिथे निघतात, आणि मुलाखत घेणाऱ्यांना ते ठाऊक असतं. आरएचसीएसए झालेल्या माणसाने निदान तीन तास हाताने काम केलंय, हे समोरच्याला न सांगता कळतं. डिग्री नसलेल्याला नेमकं हेच हवं असतं. आपल्या बाजूने बोलायला कॉलेजचं नाव नाही, प्राध्यापकाचं पत्र नाही, प्लेसमेंट सेल नाही.

परीक्षेत कुठले प्रश्न आले ते मी सांगणार नाही. परीक्षेआधी गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो, तो मी केला आहे आणि पाळणार आहे. पण अभ्यासक्रम रेड हॅटच्या संकेतस्थळावर उघड छापलेला आहे, एकेक मुद्दा सुटा करून. बूट होताना मध्येच थांबवून मशीनचा ताबा मिळवणं, एलव्हीएम या सोयीने डिस्कचे भाग करणं आणि वाढवणं, स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा), क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम), फायरवॉल, एसई-लिनक्स (कुठल्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं ते ठरवणारी सुरक्षा), एनएफएस आणि ऑटो-एफएस (दुसऱ्या मशीनवरच्या फाइल जोडणं), परवानग्या, बॅशच्या छोट्या स्क्रिप्ट. मी रेड हॅट लिनक्सच्या आवृत्ती ९ वर दिली तेव्हा पॉडमॅनचे कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम सुटे बांधून चालवायची सोय, तेही होते. २०२५ च्या मे महिन्यात आवृत्ती १० आली, त्यामुळे जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. छापलेली यादी ज्या दिवशी बुकिंग करता त्या दिवशीची पाहा आणि प्रिंट काढून भिंतीवर लावा.

त्या यादीच्या बरोबरीने एक वाक्य छापलेलं असतं, ज्याकडे मुलं लक्ष देत नाहीत: केलेले सगळे बदल मशीन रीबूट झाल्यावर, कुणी हात न लावता, टिकले पाहिजेत. माझ्या मते सगळी परीक्षा या एका अटीत आहे. सेवा चालू करणं सोपं असतं. ती रीबूटनंतर आपोआप उठेल असं 'एनेबल' करणं वेगळं. फायरवॉलमध्ये पोर्ट, म्हणजे नेटवर्कचं दार, उघडलं, पण 'पर्मनंट' लिहिलं नाही, तर रीबूटनंतर ते बंद. एसई-लिनक्सचं बूलियन, म्हणजे चालू-बंद बटण, बदललं, पण मोठ्या अक्षरातला 'पी' लावला नाही, तर तेही गेलं. आणि सगळ्यात घातक म्हणजे एफएस-टॅब. या फाइलमध्ये डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेलं असतं. त्यात एक अक्षर चुकलं की मशीन बूट होताना इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. मशीन उठलंच नाही तर तपासणारा तपासणार काय? बाकीची सगळी कामं बरोबर असली तरी ती दिसणार नाहीत.

म्हणून ज्या मुली मला विचारतात त्यांना मी एक सवय लावायला सांगते. एफएस-टॅबला हात लावला की रीबूट करायच्या आधी 'माउंट -ए' (फाइलमधल्या सगळ्या डिस्क जोडून बघणारी कमांड) चालवा, मग 'फाइंड-माउंट'ला 'व्हेरिफाय' लावून फाइल तपासून घ्या, आणि मगच रीबूट. सराव करताना प्रत्येक कामानंतर रीबूट. कंटाळा येतो, वेळ जातो, तरी रीबूट.

ही अट किती खरी आहे ते मला नोकरीत कळलं. महिन्यातून एकदा आमच्याकडे पॅचिंग असतं, रात्री दोनच्या सुमाराला सर्व्हर अपडेट करून रीबूट करतात. एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर उठला, पण वेबसाइट उठली नाही. पाहिलं तर सेवा बंद. कधीतरी, कुणीतरी, घाईत ती 'स्टार्ट' केली होती, 'एनेबल' केली नव्हती, आणि सर्व्हर कित्येक महिने रीबूटच झाला नसल्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. दोन शब्दांचं काम होतं. पण ते दोन शब्द माहीत असणारं माणूस रात्री दोन वाजता जागं असावं लागतं, आणि त्याचाच पगार मिळतो.

आता सरावाबद्दल. लॅपटॉप नवा घ्यायची गरज नाही. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास वापरलेले लॅपटॉप मिळतात. आठ जीबी रॅम, एसएसडी आणि प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनच्या आत दुसरी मशीनं चालवायची सोय) चालू होतंय ना, एवढं दुकानातच बायोस, म्हणजे मशीनची मूळ सेटिंग, उघडून बघून घ्या. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाकून दोन छोटी मशीनं बनतात आणि आरामात चालतात. डिस्कचा सराव करायला प्रत्येक मशीनला दोन-तीन खोट्या डिस्क जोडता येतात, त्याला दमडी लागत नाही.

खरं रेड हॅट लिनक्स फुकट मिळतं हे पुष्कळांना माहीत नसतं. २०२१ पासून एकेका व्यक्तीला डेव्हलपर सबस्क्रिप्शन मोफत आहे, सोळा मशीनपर्यंत. नाव नोंदवायचं आणि डाउनलोड करायचं. तेही नको असेल तर अल्मा लिनक्स किंवा रॉकी लिनक्स ही त्याचीच मोफत जुळी रूपं घ्या, ९० टक्क्यांहून अधिक सराव तिथे जसाच्या तसा होतो.

परीक्षा मराठीत नाही, आणि मॅन पेजेस इंग्रजीत असतात. माझं इंग्रजी मराठी माध्यमाचं. सुरुवातीला मला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचा फार आधार झाला. लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत, एकेक धडा दहा मिनिटांच्या आसपास, आणि पद्धत अशी की अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर आपलं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), थांबवत थांबवत बरोबरीने टाइप करत जायचं. एक पैसा लागत नाही. आरएचसीएसएच्या पातळीपर्यंत ते नेत नाहीत, पण कमांडची भीती मोडते. फाइल परमिशन मला तिथेच मराठीत समजली. नंतर इंग्रजीत वाचली तेव्हा अर्थ आधीच डोक्यात होता.

मॅन पेज वाचायला शिकणं हा या तयारीतला सगळ्यात मोठा लाभ. सगळं पाठ असायची गरज नाही, कुठे लिहिलंय ते सापडायला हवं. उदाहरण सांगते. वेबसर्व्हर नेहमीच्या ८० ऐवजी दुसऱ्या पोर्टवर चालवायचा असेल तर एसई-लिनक्स अडवतं. पोर्टला लेबल द्यायची कमांड लांबलचक आहे, मध्ये अधोरेखांवाली नावं आहेत. पण 'सेमॅनेज-पोर्ट'चं मॅन पेज उघडून शेवटपर्यंत खाली गेलं की 'एक्झाम्पल्स'मध्ये अपाचे हा वेबसर्व्हर ८१ पोर्टवर चालवायची अख्खी ओळ तयार लिहिलेली आहे. आकडा बदलायचा, झालं. अशी उदाहरणं बऱ्याच पानांच्या तळाशी असतात. सरावाच्या वेळी गूगल बंद ठेवा आणि फक्त ही पानं वापरा. पेजचं नाव आठवत नसेल तर 'मॅन -के' आणि एखादा शब्द. आज कामावरही मी आधी तेच करते, आणि वरिष्ठांना ते आवडतं.

क्लास लावावा का? पुण्यात डेक्कनपासून कर्वेनगरपर्यंत लिनक्सचे क्लास आहेत आणि त्यातले काही शिक्षक खरोखर जीव ओतून शिकवतात. माझा अनुभव मात्र कडू आहे. मी गेले होते त्या क्लासचं नाव घेत नाही. भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो, 'शंभर टक्के प्लेसमेंट'ची पाटी, फी परीक्षेच्या फीच्या कितीतरी पट. आत गेल्यावर तीस मुलं आणि दहा-बारा चालू मशीनं. सर कमांड फळ्यावर लिहायचे, आम्ही वहीत उतरवायच्या. शेवटच्या आठवड्यात 'मागच्या परीक्षेतले प्रश्न' म्हणून पीडीएफ वाटली. मला ते फार लागलं. एक तर ते कराराविरुद्ध आहे, पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. आणि दुसरं, ज्या मुलांच्या आईने दागिना मोडून फी भरलीय त्यांना तुम्ही काम शिकवत नाही, उत्तरं शिकवता, आणि ती मुलं पहिल्या मुलाखतीत उघडी पडतात. प्लेसमेंट म्हणाल तर कॉल सेंटरच्या दोन पत्त्यांच्या पलीकडे काही मिळालं नाही.

तेव्हा क्लास लावायचाच असेल तर आधी एक तास बसू द्या म्हणा. प्रत्येकासमोर मशीन आहे का, आणि शिकवणारा स्वतः आधी न ठरवलेली अडचण तुमच्यासमोर सोडवतो का, हे दोन पाहा. पीडीएफ आणि प्रश्नसंचाची भाषा निघाली की उठून या.

फीबद्दल. अमेरिकेत या परीक्षेला ५०० डॉलर पडतात. भारतात भाव रुपयांत असतो आणि वेगळा असतो, वर १८ टक्के जीएसटी. तो बदलत राहतो, त्यामुळे बुक करायच्या दिवशीचाच भाव धरा. एवढं नक्की की आयटीआयच्या मुलीला ही रक्कम एका पगारातून निघत नाही. म्हणून माझा आग्रह असतो: छापलेल्या यादीतलं प्रत्येक काम, मॅन पेजशिवाय दुसरं काही न उघडता, घड्याळ लावून, रीबूटसकट तुम्हाला जमत असेल तेव्हाच पैसे भरा. मैत्रिणीने भरले म्हणून भरू नका.

परीक्षा केंद्रावर देता येते, किंवा घरून. घरून देणं दिसतं सोपं, पण त्याची तयारी वेगळी. रेड हॅट एक फाइल देतं, ती पेनड्राइव्हवर टाकून लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचा. वायर असलेला बाहेरचा वेबकॅम लागतो, लॅपटॉपचा आपला कॅमेरा पुरत नाही. सुरुवातीला पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून टेबल, टेबलाखालची जागा, अख्खी खोली बघतो. खोलीत कुणी यायचं नाही. आमच्याकडे एका खोलीत देव, दूरदर्शन आणि आजीची कॉट, शिवाय वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. मी सरळ केंद्रावर गेले. एसटीचं भाडं आणि मावशीकडे एक मुक्काम, एवढ्यात डोक्याची शांतता मिळाली. ज्यांचं घर लहान आहे, ज्यांच्याकडे पाहुण्यांची ये-जा आहे, त्यांनी केंद्रच घ्यावं असं मी सांगेन. घरून द्यायचीच असेल तर तपासणीसाठीची चाचणी आधीच उपलब्ध असते, ती चार दिवस अगोदर करा, परीक्षेच्या सकाळी नाही. आणि ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरं, हे घरोघरी आहे.

निकाल ईमेलने येतो, नियमाप्रमाणे तीन कामाच्या दिवसांत. त्यात विभागवार टक्केवारी असते, कुठे कमी पडलात ते दिसतं. पण नेमकं काय चुकलं ते सांगत नाहीत. ही या परीक्षेतली मला खटकणारी गोष्ट. एवढी फी घेतल्यावर नापास झालेल्याला थोडं तरी जास्त सांगायला हवं.

आता नोकरीचं. सर्टिफिकेट मिळाल्यावर मी मोठ्या आयटी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर अर्ज केले. तिथे 'ग्रॅज्युएट' हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढेच सरकत नाही. मोठी सर्व्हिस कंपनी फ्रेशर घेते ती कॉलेजांतून, दहावी-बारावी-डिग्रीच्या टक्क्यांची चाळण लावून. ते दार आरएचसीएसएने उघडत नाही, हे स्पष्ट सांगते, कारण क्लासवाले सांगत नाहीत. उघडतात ती लहान दारं. वेब होस्टिंग कंपन्या, डेटा सेंटर, छोट्या मॅनेज्ड सर्व्हिस (दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या) कंपन्या, ज्यांना रात्रपाळीला माणूस हवा असतो आणि ज्यांचा मालक किंवा टीम लीड स्वतः मुलाखत घेतो. हुद्द्याचं नाव 'एल-वन सपोर्ट' (पहिल्या फळीची मदत), 'एनओसी इंजिनिअर' (नेटवर्कवर नजर ठेवणारा), 'ज्युनिअर सिस्टिम ॲडमिन' असं काहीतरी असतं. अशा जाहिरातींत 'एनी ग्रॅज्युएट' लिहिलेलं असलं तरी अर्ज करा. ईमेलच्या पहिल्या ओळीत सर्टिफिकेटचा क्रमांक द्या, तो रेड हॅटच्या संकेतस्थळावर कुणालाही पडताळता येतो.

माझी मुलाखत ज्यांनी घेतली त्यांनी माझा बायोडाटा पालथा ठेवला आणि आपला लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "डीएफ चालवा." चालवलं. डीएफ ही कमांड डिस्क किती भरली ते दाखवते. '/व्हार', म्हणजे लॉग वगैरे साठतात ती डिरेक्टरी, १०० टक्के भरलेलं. "आता डीयू चालवून बघा, काय खातंय ते." डीयू एकेक फाइल मोजून जागा सांगतं. त्याच्या हिशेबात निम्मीसुद्धा जागा भरत नव्हती. "मग बाकीची जागा गेली कुठे?"

हे मला क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. घरी सरावाच्या मशीनवर लॉग (नोंदींची) फाइल उडवली तरी जागा मोकळी होत नाही हे पाहून मी त्याच्या मागे लागले होते. फाइल उडवली तरी एखादा प्रोग्रॅम ती उघडी धरून बसला असेल तर लिनक्स जागा सोडत नाही. डिरेक्टरीतून नाव जातं म्हणून डीयूला ती दिसत नाही, पण डिस्कवर जागा अडलेलीच असते म्हणून डीएफ ती मोजतं. मी एलएसओएफ या कमांडने उडवलेल्या पण उघड्या फाइल शोधल्या. एक जावा प्रोग्रॅम काही जीबीची लॉग धरून बसला होता. "रीस्टार्ट करू का?" असं मी विचारलं. ते म्हणाले, "विचारलंत हे बरं केलं. गिऱ्हाइकाचं चालू काम बंद पाडण्याआधी विचारणारं माणूस मला हवंय." मग एक्सएफएस ही फाइल सिस्टिम लहान करता येते का, आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपले तर काय दिसतं, असं थोडं विचारलं. पहिल्याचं उत्तर नाही, ती फक्त वाढवता येते. दुसऱ्याचं, जागा शिल्लक दिसते पण नवी फाइल बनत नाही. डिग्रीचा विषय एचआरच्या बाईंनी शेवटी काढला, तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनीच सांगितलं की हिला घ्यायचंय.

पगार सुरुवातीला १६ हजार. पुण्यात कॉटबेसिसवर राहून, डबा लावून, घरी थोडं पाठवून जेमतेम. पहिलं वर्ष रात्रपाळी जास्त. मुलींच्या घरून हाच प्रश्न पहिला येतो, म्हणून सांगते: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि सुरक्षितता आणि घरापर्यंत गाडी ही मालकाची जबाबदारी आहे. मुलाखतीतच विचारा, लाजू नका. माझे वडील पहिल्या महिन्यात रोज सकाळी सातला फोन करायचे. गाडी दारात सोडते हे त्यांनी एकदा मुक्कामाला येऊन स्वतः पाहिलं, मग थांबले. दीड-दोन वर्षं काम झालं की पुढच्या कंपनीत तुम्हाला काय येतं हे आधी विचारतात, शिक्षण नंतर. माझा पगार दुसऱ्या नोकरीत दुपटीपेक्षा जास्त झाला.

तरी डिग्रीवर कायमची फुली मारू नका. परदेशी व्हिसा, मोठ्या कंपन्या, काही गिऱ्हाइकांचे करार, इथे ती आडवी येतेच. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी करत पदवी घेता येते. मी प्रवेश घेतला आहे आणि सुट्टीच्या दिवशी अभ्यास करते.

आणि बारावीला गणित चांगलं असेल तर आरएचसीएसएच्या आधी दुसऱ्या वाटाही बघा. एचसीएलचा टेकबी हा बारावी झालेल्यांसाठीचा कार्यक्रम आहे, प्रशिक्षण, मग तिथेच नोकरी, आणि नोकरी करता करता पदवी. नागपूरला मिहानमध्ये त्यांचं मोठं केंद्र आहे, विदर्भातल्या मुलांना सोयीचं. प्रशिक्षणाची फी आणि कराराच्या अटी नीट वाचून घ्या. तामिळनाडूत झोहो कंपनीचे झोहो स्कूल्स वीसेक वर्षांपासून चालू आहेत, तिथे फी नाही, उलट विद्यावेतन देतात. माझ्यासारखी ज्यांची बारावी बाहेरून झाली, गणित सुटलं, वय पुढे गेलं, त्यांना या दोन्ही ठिकाणी जागा मिळणं अवघड. आरएचसीएसए वय विचारत नाही.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट. सर्टिफिकेट तीन वर्षं चालू राहतं. त्याआधी पुन्हा तीच परीक्षा द्यावी लागते, किंवा वरची एखादी पास झालं की याचीही मुदत वाढते. पुन्हा तेच पैसे त्याच पायरीवर घालण्यापेक्षा आरएचसीई ही पुढची परीक्षा करावी. तिथे एकाच जागेवरून पुष्कळ सर्व्हर अ‍ॅन्सिबलने सांभाळायचे असतात, आणि पगाराची पुढची पायरी सध्या तिथेच आहे. माझा त्याचाच अभ्यास चालू आहे. पुण्यात असाल आणि सरावाला लॅपटॉप नसेल तर रविवारी दुपारी माझ्या खोलीवर तिघीजणी बसतात, चौथीला जागा आहे. येताना अभ्यासक्रमाची प्रिंट घेऊन या.